व्यंग आणि व्यंग्य : अनिल अवचट यांच्या पत्रकारितेचा ऐतिहासिक विचार

अनिल अवचट (१९४४–२०२२) यांच्या लेखनाची मराठी समीक्षेने घेतलेली दखल मुख्यतः दोन प्रकारची आहे. एका प्रकारात हे लेखन सामाजिक दस्तऐवज मानले जाते आणि त्याच्या वाङ्मयीन रूपाचा प्रश्न उपस्थितच केला जात नाही. दुसऱ्या प्रकारात लेखकाचा साधेपणा, त्याचे छंद आणि त्याची माणुसकी यांचे कौतुक होते व तेथेच विवेचन संपते. दोन्ही प्रकारांत एक गोष्ट निसटते. ती म्हणजे मराठी लोकप्रिय अभिव्यक्तीच्या दीर्घ परंपरेत मोडलेल्या, आजारी किंवा न्यून असलेल्या देहाला जे स्थान होते, त्यात या पत्रकाराच्या गद्याने घडवून आणलेला बदल. हा बदल नेमका कोणता, तो कोठून आला आणि कोठे थांबला, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संस्कृत साहित्यशास्त्रातून मराठीत आलेले 'व्यंग्य' आणि शरीरातील न्यून दर्शविणारे 'व्यंग' हे दोन शब्द व्युत्पत्तीने वेगळे आहेत. एकाचा संबंध व्यंजनेशी, सूचित अर्थाशी, दुसऱ्याचा अंगाशी. मात्र मराठी परंपरेत या दोहोंची सांगड वारंवार पडलेली दिसते. आंधळा, पांगळा, बहिरा, मुका हे वाङ्मयात आले ते बहुधा दुसरे काहीतरी सुचविण्यासाठी. व्यंग हे व्यंग्याचे साधन झाले. अर्थ हाती लागला की त्या माणसाचे काम संपले.

या परंपरेची सुरुवात फार मागे नेता येते. केसोबासांनी सिद्ध केलेल्या 'दृष्टान्तपाठा'तील हत्तीचा दृष्टांत सर्वपरिचित आहे. जन्मांध माणसे हत्ती चाचपतात आणि प्रत्येकाला आपल्या हाती लागलेला अवयव म्हणजेच हत्ती वाटतो. येथे अंधत्व हे अपुऱ्या ज्ञानाचे रूप आहे. ते आंधळे कोण, कोठून आले, याची पृच्छा दृष्टांताला करावयाचीच नसते. एकनाथांच्या (१५३३–१५९९) भारुडांत आंधळा, पांगळा, बहिरा आणि मुका हे स्वतंत्र रूपकविषय झाले आहेत. त्यांची भाषा रस्त्यावर भीक मागणाऱ्याची आहे, लय त्याच्या हाकेची आहे. परंतु सांगणे आहे ते देहाभिमानाने आंधळ्या झालेल्या, परमार्थाविषयी बहिऱ्या झालेल्या जीवाचे. एकनाथांनी उपेक्षितांचा आवाज वाङ्मयात आणला हे खरे आहे. त्या आवाजातून जे बोलले गेले ते मात्र त्या माणसाच्या जगण्याबद्दल नव्हते, हेही तितकेच खरे आहे.

लोकव्यवहारात याचे आणखी एक विलक्षण उदाहरण 'पांगुळ' या भिक्षेकऱ्याचे. भल्या पहाटे झाडावर किंवा भिंतीवर बसून दान मागणारा पांगुळ स्वतः पांगळा नसतो. सूर्याचा सारथी अरुण हा पांगळा. त्याच्याशी पांगुळाचे नाते सांगितले जाते. म्हणजे येथे व्यंग हे देहावरून सुटून केवळ नावात आणि वृत्तीत उरले आहे. खरा पांगळा मात्र यात्रेच्या वाटेवर कडेला बसलेला असतो आणि त्याला असे कोणतेही दैवी नाते मिळत नाही.

अवचटांचा जन्म ज्या प्रदेशातला, तो जुन्नर-आंबेगावचा परिसर या दोन्ही दृश्यांनी भरलेला आहे. लेण्याद्री आणि ओझर ही अष्टविनायकांतील दोन स्थाने जुन्नर तालुक्यात आहेत. धामणखेलचा खंडोबा, आंबेगावातील थापलिंगची पौष पौर्णिमेची यात्रा, भीमाशंकर, आळे येथील रेड्याची समाधी अशी लोकश्रद्धेची दाट वीण या डोंगरपायथ्याला आहे. अवचटांचे जन्मगाव ओतूर हे तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांच्या समाधीचे आणि श्रावणी सोमवारी तांदळाच्या पिंडी घातल्या जाणाऱ्या कपर्दिकेश्वराचे गाव. त्याच तालुक्यातील नारायणगाव ही तमाशाची पंढरी. चैत्रातील जत्रांचा हंगाम जवळ आला की तेथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपाऱ्या देण्यासाठी येतात. अवचटांचे वडील ओतुरात डॉक्टर होते. एका बाजूला देव, जत्रा आणि फड, दुसऱ्या बाजूला दवाखाना, असे हे गाव होते. चरित्राचा असा तपशील देऊन लेखनाचे सर्व काही उलगडते असे नव्हे. परंतु पुढे या लेखकाला जे दोन विषय आयुष्यभर पुरले, लोकांचा विश्वास आणि लोकांचे शरीर, ते या परिसरात शेजारी-शेजारी नांदत होते, एवढे नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही.

तमाशाच्या रंगभूमीवर व्यंगाचे कार्य वेगळे आहे. गण-गौळणीनंतरच्या बतावणीत ऐकण्यातली चूक, बोलण्यातले अडखळणे, चालण्यातला डौल किंवा बेडौलपणा यांवर सोंगाड्या हशा पिकवतो. भारुडात जे आध्यात्मिक सूचन होते, ते येथे हास्याचे निमित्त होते. या हास्यात निव्वळ क्रौर्य नसते. सोंगाड्या बहिरेपणाचे सोंग घेऊन राजाला, पाटलाला, सावकाराला जे ऐकवतो ते धडधाकट माणसाला ऐकवता येत नाही. न्यूनाच्या आडून सत्तेची थट्टा करण्याची ही युक्ती आहे. पण तीही युक्तीच. सोंग उतरले की बहिरा रंगमंचावर उरत नाही.

कलावंताच्या खऱ्या देहाचे काय होते, याचे उदाहरण नारायणगावानेच दिले आहे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांनी प्रयोग चालू असताना पडद्यामागे प्रसूत होऊन पुन्हा बोर्डावर पाऊल ठेवले, ही हकीकत महाराष्ट्रात असंख्य वेळा सांगितली गेली आहे. ती सांगताना तोंडून निघतो तो शब्द 'निष्ठा'. बाळंतिणीला त्या रात्री विश्रांती का मिळू शकली नाही, सुपारी कोणाच्या हाती होती, खेळ थांबला असता तर फडावर काय प्रसंग आला असता, हे प्रश्न त्या आख्यायिकेत मागे पडतात. राष्ट्रपतींकडून गौरव झालेल्या या कलावतीच्या उत्तरायुष्यातील विपन्नावस्थाही अशीच करुण कथेचा विषय झाली. वेदनेचे आख्यायिकेत रूपांतर करण्याची लोकप्रिय संस्कृतीची ही सवय लक्षात घेतली म्हणजे तिच्या विरुद्ध दिशेने जाणाऱ्या गद्याचे वेगळेपण जाणवू लागते.

असे गद्य मराठीत एकाएकी अवतरले नाही. श्री. म. माटे यांच्या 'उपेक्षितांचे अंतरंग' (१९४१) या पुस्तकाने गावकुसाबाहेरच्या माणसांना कथारूप दिले होते. १९६१ साली सुरू झालेल्या श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस' साप्ताहिकाने प्रत्यक्ष जाऊन, पाहून, ऐकून लिहिण्याची शिस्त रुजवली. तमाशा आणि चित्रपट या दोन्ही जगांशी नाते असलेल्या हंसा वाडकर यांचे 'सांगत्ये ऐका' हे आत्मकथन अरुण साधूंनी शब्दांकित केले तेही 'माणूस'साठीच. लोकप्रिय कलेतील देह आता आपल्या तोंडून बोलू लागला होता. याच वातावरणात अवचटांची पत्रकारिता आकाराला आली.

पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्या या तरुणाने वैद्यकीय व्यवसाय केला नाही. बिहारच्या दुष्काळात मदतकार्यासाठी गेलेल्या युवकांच्या पिढीचा तो प्रतिनिधी. त्या अनुभवांतून 'पूर्णिया' (१९६९) हे पहिले पुस्तक सिद्ध झाले. राजा ढाले यांच्या लेखामुळे गाजलेल्या 'साधना'च्या १५ ऑगस्ट १९७२ च्या अंकाच्या संपादनातही अवचटांचा सहभाग होता. दलित साहित्याच्या उठावाचा, युवक चळवळींचा आणि दुष्काळाचा हा काळ. वैद्यकाने त्यांना शरीराकडे पाहण्याची नजर दिली आणि चळवळीने ते शरीर कोणत्या व्यवस्थेत उभे आहे हे विचारण्याची सवय लावली. दवाखाना त्यांनी सोडला. तपासणी सोडली नाही.

'माणसं', 'धागे आडवे उभे' यांसारख्या पुस्तकांतून हमाल, तंबाखूच्या वखारींतील स्त्रिया, यंत्रमागावरचे कामगार, भटक्या जमातींतील कुटुंबे यांच्याविषयी जे लेखन येते, त्यातील देहचित्रणाची पद्धत पाहण्यासारखी आहे. हमालाची वाकलेली पाठ तेथे शोषणाचे प्रतीक म्हणून येत नाही. पोत्याचे वजन, फेऱ्यांची संख्या, मजुरीचा दर, वय आणि मग पाठ, असा क्रम असतो. तंबाखूच्या धुळीने येणारा खोकला हा दुःखाचा अलंकार नसतो. तो वखारीच्या बंद खिडक्यांशी आणि मालकाच्या हिशेबाशी जोडलेला असतो. व्यंग हे दैवाने दिलेले किंवा कर्माने आलेले नसून कामाने घडविलेले आहे, हे विधान अवचट क्वचितच करतात. तपशिलांच्या मांडणीतून ते वाचकाला स्वतःच करावे लागते. म्हणून या गद्याला केवळ माहितीपर म्हणणे अपुरे आहे. त्यातही व्यंजना आहे, फक्त तिची दिशा उलटी आहे. परंपरेत देहाकडून अर्थाकडे जाणे होते. येथे अर्थाकडून पुन्हा देहाकडे येणे आहे.

याच सुमारास जगात इतरत्रही हा विचार चालू होता. ब्रिटनमधील अपंगांच्या एका संघटनेने १९७६ साली शरीरातील न्यून आणि समाजाने लादलेली अक्षमता यांत स्पष्ट भेद केला. सूझन सॉन्टॅग यांनी १९७८ साली आजाराला रूपक करण्याच्या प्रवृत्तीवर हल्ला चढविला. पुढे २००० साली डेव्हिड मिचेल आणि शॅरन स्नायडर यांनी कथासाहित्य विकलांग पात्राचा उपयोग कृत्रिम अवयवासारखा करते, कथेला उभे राहण्यासाठी त्याचा आधार घेते आणि मग त्याला विसरते, असा सिद्धांत मांडला. अवचटांच्या लेखनावर या विचारांचा प्रभाव होता असे सुचवावयाचे नाही. सिद्धांताने ज्या जागी पोहोचावयाचे असते तेथे चांगले वार्तालेखन स्वतःच्या वाटेने पोहोचू शकते, एवढेच यातून दिसते.

'संभ्रम'मधील लेखन लोकव्यवहाराच्या दुसऱ्या अंगाकडे वळते. बुवा, महाराज, त्यांच्याभोवती जमणारी गर्दी आणि अंगात येणे यांचे ते जग. श्रद्धेच्या या बाजारात आजारी आणि व्यंगग्रस्त माणूस हा सर्वांत महत्त्वाचा ग्राहक असतो, कारण बऱ्या होणाऱ्याचीच साक्ष चमत्काराला लागते. येथे उपहासाला मोठी संधी होती आणि महाराष्ट्रातील बुद्धिवादी लेखनाने ती एरवी घेतलीही आहे. अवचटांचा भर मात्र गर्दीतील माणूस तेथे का आला आहे हे समजून घेण्यावर राहतो. ज्याला परवडणारा डॉक्टर जवळ नाही, ज्याला घरात कोणी ऐकून घेत नाही, त्याला मठात निदान रांगेत उभे राहण्याची जागा मिळते. लेखकाचा अविश्वास कोठेही लपत नाही. पण तो भक्तावर न उलटता व्यवस्थेवर उलटतो. लोकसंस्कृतीकडे पाहण्याची ही रीत उपासकाचीही नाही आणि न्यायाधीशाचीही नाही.

या सर्व लेखनाची कसोटी लागली ती 'गर्द'मध्ये. व्यसन हा मराठी लोकप्रिय रंगभूमीचा जुना विषय. राम गणेश गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ने १९१९ पासून मराठी मनावर जे चित्र कोरले त्यात दारू ही सुधाकराच्या स्वभावातील एका क्षणाची शोकांतिका आहे. तळीराम आणि त्याचे आर्यमदिरामंडळ हे तिचे हास्यरूप आहे. प्रेक्षक रडतो किंवा हसतो आणि सिंधूच्या पातिव्रत्याला नमस्कार करून घरी जातो. ऐंशीच्या दशकात मुंबई-पुण्यात पसरलेल्या ब्राऊन शुगरविषयी, म्हणजे 'गर्द'विषयी लिहिताना अवचटांनी हा शोकांतिकेचा साचा बाजूला ठेवला. पुडी कोठून येते, तिची किंमत काय, ती न मिळाल्यास शरीरात काय होते, आई दागिने कोठे लपवते, हे प्रश्न पुढे आले. व्यसनी हा पापी नव्हे आणि शोकनायकही नव्हे, तो आजारी आहे, ही भूमिका आज सामान्य वाटते. पण मराठी वाचकाला ती नवी होती. ती लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांनी आर्थिक साहाय्य देऊ केले. अवचटांच्या पत्नी डॉ. सुनंदा या येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांच्या पुढाकाराने १९८६ साली तेथेच 'मुक्तांगण' हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले.

व्यसनाधीनतेचा समावेश विकलांगतेच्या कायद्यात होत नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. १९९५ च्या कायद्याने सात प्रकार मानले, २०१६ च्या कायद्याने एकवीस. त्यांत मनोविकार आहे, व्यसन नाही. तरीही वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने या दोहोंचा एकत्र विचार करणे आवश्यक ठरते, कारण आंधळा, वेडा आणि दारुडा ही लोकप्रिय कलेची एकाच कुळातील पात्रे आहेत. तिघांवरही हसता येते, तिघांवरही रडता येते. त्यांच्याशी बोलावे लागत नाही. मुक्तांगणच्या परिसरात लेखकाला त्यांच्याशी रोज बोलावे लागले.

मात्र येथेच या लेखनाच्या मर्यादाही सुरू होतात. पत्रकार संस्थेचा सहकारी झाल्यावर त्याच्या गद्याचा शेवट बदलला. आरंभीच्या लेखांत प्रश्न उघडे राहतात. वाचक अस्वस्थ होऊन उठतो. 'कार्यरत', 'मुक्तांगणची गोष्ट' यांसारख्या नंतरच्या लेखनात काम करणारी माणसे, मार्ग सापडलेल्या संस्था, सावरलेली आयुष्ये यांना मध्यवर्ती स्थान मिळते. या बदलाला ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. निराशेच्या काळात उमेद देणाऱ्या कथांची समाजाला गरज असते. तथापि सावरलेल्याची कथा लोकप्रिय झाली की न सावरणाऱ्याची कथा सांगणे अवघड होते. ज्याचे व्यंग बरे होणारच नाही, ज्याच्या आयुष्यात विजयाचा प्रसंग येणार नाही, त्याला या कथनात जागा कोठे, हा प्रश्न उरतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. अवचटांच्या लेखनात पाहणारा नेहमी एकच असतो. तो नम्र आहे, जमिनीवर बसतो, आपले अज्ञान कबूल करतो. पण लेखणी त्याच्याच हातात राहते. हमाल बोलतो ते लेखकाने ऐकले तेवढेच. मध्यमवर्गीय मराठी वाचकाने अवचटांवर जे प्रेम केले त्यात हाही एक भाग होता की दुसऱ्याच्या दुःखाकडे जाण्यासाठी त्याला एक विश्वासू मध्यस्थ मिळाला. मध्यस्थाच्या प्रामाणिकपणाने मध्यस्थीचा प्रश्न सुटत नाही.

समकालीन रंगभूमीशी तुलना केल्यास मात्र या मध्यस्थीचे मोल कमी लेखता येत नाही. जयवंत दळवी हेही मुळात पत्रकारितेतून आलेले लेखक. त्यांच्या 'नातीगोती' (१९८९) या नाटकाने मतिमंद मुलाला मध्यमवर्गीय दिवाणखान्यात आणले आणि त्याच्या आईवडिलांची कोंडी निर्भयपणे दाखविली. ते नाटक महत्त्वाचे आहेच. पण त्यातील मुलगा मुख्यतः आईवडिलांच्या सहनशक्तीचे माप ठरतो. २००४ साली प्रदर्शित झालेल्या आणि राष्ट्रीय पुरस्काराचे सुवर्णकमळ मिळविणाऱ्या 'श्वास'मध्ये दृष्टी गमावणाऱ्या नातवाइतकाच आजोबा केंद्रस्थानी आहे. व्यंग ज्याचे आहे त्याच्यापेक्षा ते पाहणाऱ्याचे दुःख अधिक नाट्यमय वाटणे, ही दृश्यकलांची ओढ आहे. अवचटांच्या उत्तम लेखांत पाहणाऱ्याच्या दुःखाला फारसा वाव नसतो. लेखक गहिवरत नाही, विचारत राहतो.

लेखणी दुसऱ्या हाती जाण्याची घटना पुढे घडली ती कोल्हापुरात. नसीमा हुरजूक यांच्या 'चाकाची खुर्ची' या आत्मकथनाने चाकांच्या खुर्चीतून दिसणारे जग मराठीत आणले. तेथील पायऱ्या, दारांच्या चौकटी आणि स्वच्छतागृहे हीच कथानकाची खरी स्थळे आहेत. सोनाली नवांगुळ यांनी वृत्तपत्रीय लेखन आणि अनुवाद या दोन्ही क्षेत्रांत काम केले. तमिळ लेखिका सलमा यांच्या कादंबरीच्या 'मध्यरात्रीनंतरचे तास' या त्यांच्या अनुवादाला साहित्य अकादमीचा २०२० चा अनुवाद पुरस्कार मिळाला. विकलांग लेखिकेने केवळ स्वतःच्या विकलांगतेविषयीच लिहावे ही अपेक्षा येथे मोडली गेली, हे अधिक अर्थपूर्ण आहे. व्यंग असलेला माणूस आता विषय राहिला नाही. तो लेखक, अनुवादक, वार्ताहर झाला.

अवचटांचे लेखन या टप्प्याच्या अलीकडे उभे आहे. दृष्टांतातील जात्यंध आणि चाकांच्या खुर्चीतील लेखिका यांच्यामध्ये मराठी गद्याला जे अंतर चालावे लागले, त्यातील एक आवश्यक मजल त्यांनी गाठली. देहाला रूपकातून सोडवून मजुरी, हवा, औषध, पुडी आणि रांग यांच्या संदर्भात ठेवणे, ही ती मजल. समीक्षेने तिला 'दस्तऐवज' म्हणून बाजूला सारले, कारण अलंकाराचा अभाव हीसुद्धा एक वाङ्मयीन निवड असते, हे मान्य करण्याची तिची तयारी नव्हती.

या निवडीचे महत्त्व आज पुन्हा वाढले आहे. १९९५ च्या कायद्याच्या काळात रूढ असलेल्या 'अपंग' या शब्दाची जागा २०१५ नंतर सरकारी व्यवहारात 'दिव्यांग' या शब्दाने घेतली. जुना शब्द अवमानकारक होता, ही तक्रार रास्त आहे. परंतु नवा शब्द देहाला पुन्हा एकदा दैवी अर्थ चिकटवतो, पांगुळाला अरुणाशी जोडावे तसा. व्यंगाचे व्यंग्य करण्याची आपली सवय शब्द बदलल्याने जात नाही. दिव्यांग म्हणविल्या गेलेल्या माणसाला तालुक्याच्या कचेरीत दाखल्यासाठी किती पायऱ्या चढाव्या लागतात, किती खेपा घालाव्या लागतात आणि त्या दिवसाची मजुरी किती बुडते, हे कोणाला तरी मोजून लिहावे लागेल. ओतूरच्या डॉक्टरांच्या मुलाने मराठी गद्याला असे मोजणे शिकविले. आता ते ज्याच्या पायांना पायऱ्या ठाऊक आहेत त्याने लिहिले, तर समीक्षेने त्याला साहित्य म्हणण्यास अडखळू नये.